छारानगरचे ‘बुधन थिएटर’ : नागरिकत्वाचा जाब विचारणारी रंगभूमी

अहमदाबाद शहराच्या पूर्व भागात, कुबेरनगर आणि नरोडा यांच्या लगत छारानगर नावाची वस्ती आहे. ब्रिटिश राजवटीत ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरविण्यात आलेल्या छारा समाजाची ही वस्ती. शहरातील सर्वसामान्य माणसाच्या लेखी तिची ओळख दोनच गोष्टींशी निगडित राहिली : चोऱ्या आणि दारूबंदी असलेल्या राज्यातील गावठी दारू. याच वस्तीत १९९८ मध्ये तरुणांचा एक नाटक गट उभा राहिला. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात कोठडीत मरण पावलेल्या बुधन शबर या आदिवासी तरुणाचे नाव त्याने धारण केले. ‘बुधन थिएटर’ या नावाने परिचित असलेल्या या गटाने गेल्या पाव शतकात विमुक्त आणि भटक्या जमातींच्या नागरिकत्वाचा प्रश्न रस्त्यावर, चौकात, विद्यापीठांत आणि परिषदांत मांडला आहे.

राज्यघटनेने या माणसांना नागरिक केले, त्याला पंचाहत्तर वर्षे झाली. मतदानाचा अधिकार मिळाला, कायद्यासमोर समानता मिळाली. परंतु वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली की नागरिक आणि संशयित यांतील अंतर पुसले जाते, हा या समाजाचा अनुभव आहे. न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात ज्यांच्या शब्दाला वजन नव्हते, त्यांनी तोच शब्द नाटकात आणून लोकांना ऐकायला लावला, हे बुधन थिएटरचे वेगळेपण म्हणावे लागेल.

कायद्याने घडविलेले गुन्हेगार

या नाटकांचे मूळ समजण्यासाठी १८७१ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट’ अर्थात गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. जात जशी जन्माने मिळते तसा गुन्ह्याचा व्यवसायही जन्माने मिळतो, असे त्यामागील गृहीतक होते. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा पुढे विस्तारत गेला. १९११ आणि १९२४ मध्ये त्यात बदल होऊन तो देशभर अधिक कडकपणे लागू झाला. जमातीचे नाव एकदा राजपत्रात जाहीर झाले की तिच्यातील प्रत्येक व्यक्तीची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, पोलिसांकडे ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवाना लागे. मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून सुधारणागृहात ठेवण्याची तरतूदही त्यात होती. एखाद्याने चोरी केली आहे की नाही हा प्रश्न या कायद्यात गौण होता. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरेसे असे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ हे एका भागाचे नाव म्हणून रूढ आहे. तारांच्या कुंपणाआड वसविलेल्या तेथील लोकांना कापड गिरण्यांत मजुरीसाठी पाठविले जाई आणि परत आल्यावर त्यांची मोजदाद होई. हुबळी, विजापूर येथेही अशा वसाहती होत्या. छारानगरचा उगमही अशाच खुल्या तुरुंगवजा वसाहतीतला. छारा समाजाचे नाते उत्तरेकडील सांसी आणि महाराष्ट्रातील कंजारभाट या समूहांशी असून, त्यांची भांतू ही बोली या नातेसंबंधाची साक्ष देते.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने १९५२ मध्ये हा कायदा रद्द केला. देश स्वतंत्र झाला तेव्हा १२७ जमातींमधील सुमारे १ कोटी ३० लाख लोक त्याच्या कक्षेत होते, असा अंदाज दिला जातो. ३१ ऑगस्ट हा दिवस तेव्हापासून ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. इतर भारतीयांपेक्षा पाच वर्षे सोळा दिवस उशिरा मिळालेले स्वातंत्र्य, असा त्याचा उल्लेख विमुक्तांच्या सभांमधून हमखास होतो. मात्र जुना कायदा जात असतानाच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे आले. तत्कालीन मुंबई राज्याचा १९५९ चा असा कायदा पुढील वर्षीच्या विभाजनानंतर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. त्यात जमातीचा उल्लेख नाही, व्यक्तीचा आहे. परंतु पोलीस ठाण्याच्या कारभारात जुन्या यादीचे वळण कायम राहिले.

पुरुलियातील मृत्यू

बुधन शबर हा पुरुलिया जिल्ह्यातील खेडिया शबर जमातीचा तरुण. फेब्रुवारी १९९८ मध्ये पत्नी श्यामलीसह जात असताना पानाच्या टपरीजवळ पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. चोरीच्या संशयावरून कोठडीत त्याला मारहाण झाली आणि १७ फेब्रुवारी रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास घेतला, असे अधिकृतपणे सांगण्यात आले.

शबर समाजाच्या कल्याण समितीशी ज्येष्ठ लेखिका महाश्वेतादेवी दीर्घकाळ संलग्न होत्या. मृतदेह दहन न करता पुरून ठेवण्यात आला. पुरावा नष्ट होऊ नये, हा त्यामागील हेतू होता, आणि त्यामुळेच दुसऱ्यांदा शवविच्छेदन शक्य झाले. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी जुलै १९९८ मध्ये आत्महत्येचा दावा अमान्य करून केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीचे आणि पत्नीला भरपाई देण्याचे आदेश दिले. विमुक्त जमातीतील एका मजुराच्या मृत्यूची उच्च न्यायालयाने इतक्या गांभीर्याने दखल घेणे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये बडोद्यात महाश्वेतादेवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट स्थापन केला. मूळचे भोरचे असलेले देवी त्यापूर्वीच ‘भाषा’ या संस्थेमार्फत आदिवासी बोलींच्या कामात उतरले होते. गायकवाडांच्या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. मराठी वाचकाला विमुक्तांचे जग ‘उपरा’, ‘उचल्या’ अशा आत्मकथनांनी दाखविले. गुजरातमध्ये तशी परंपरा नव्हती. तेथे हे काम नाटकाने केले, आणि त्याला सुरुवातीची दिशा देण्यात एका मराठी लेखकाचा सहभाग होता, हे नोंदविण्यासारखे आहे.

आधी ग्रंथालय, मग नाटक

महाश्वेतादेवी आणि देवी छारानगरला गेले तेव्हा तेथील तरुणांनी पैसे मागितले नाहीत, नोकऱ्याही मागितल्या नाहीत. त्यांनी ग्रंथालय मागितले. एका लहानशा खोलीत ते सुरू झाले. वस्तीतील शिकलेली मुले तेथे जमू लागली. वाचनातून गप्पा आणि गप्पांतून नाटक, असा हा प्रवास. छारानगरमध्ये अभिनयाची आवड त्याआधीही होती. पूर्वजांचा उदरनिर्वाह नाच-गाणे आणि कसरतींच्या खेळांवर चाले. शिवाय चोरी ही गोष्टदेखील उत्तम अभिनयावाचून साधत नाही, असे छारा कलावंत स्वतःच हसत हसत सांगतात. समाजाने दिलेल्या कलंकाकडे असे मिश्कीलपणे पाहण्याची वृत्ती त्यांच्या नाटकांतही जाणवते.

बुधन शबरची हकीकत या तरुणांपर्यंत पोचली ती कृतिगटाने काढलेल्या ‘बुधन’ या नियतकालिकातून आणि न्यायालयीन कागदपत्रांतून. दक्षिण बजरंगे या तरुणाने त्यावरून संहिता लिहिली. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे निकालानंतर अवघ्या काही आठवड्यांत, विमुक्तांच्या संमेलनात छारानगरमध्येच ‘बुधन’चा पहिला प्रयोग झाला.

या नाटकाला नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. साध्या कपड्यांतील आठ-दहा नट वर्तुळात येतात. त्यांचीच शरीरे कधी पोलिसांची गाडी होतात, कधी कोठडीच्या भिंती. निवेदन समूहाकडे असल्याने एकच नट क्षणात शबर असतो आणि दुसऱ्या क्षणी शिपाई. बुधनला मारहाण होण्याचा भाग लांबविला आहे. प्रेक्षकाला अस्वस्थ होऊन नजर वळवावीशी वाटते, इतका. त्यानंतर आत्महत्येचा बनाव, पुरलेला मृतदेह, श्यामलीचा आक्रोश आणि न्यायालय. शेवटी नट थेट प्रेक्षकांकडे वळतात आणि आपण दुय्यम दर्जाचे नागरिक आहोत काय, असा प्रश्न करतात. उत्तराची वाट पाहत ते उभे राहतात. भाषा हिंदी आहे, तीही साधी, कारण नाटक वस्तीबाहेरच्यांपर्यंत पोचावे हा हेतू पहिल्यापासून होता.

छारानगरच्या नटांनी पुरुलिया पाहिलेले नव्हते. शबरांची भाषा, पेहराव, चालीरीती यांपैकी काहीच त्यांच्या परिचयाचे नव्हते. परिचित होती ती रात्री दारावर पडणारी थाप. हे दोन समूह परस्परांपासून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर राहतात. त्यांना जोडणारा दुवा रक्ताचा नाही, भाषेचा नाही. तो १८७१ च्या कायद्याचा आहे. ‘विमुक्त’ ही देशव्यापी ओळख ज्या मोजक्या गोष्टींतून आकाराला आली, त्यांत या प्रयोगाचा समावेश करावा लागेल. एका जमातीने दुसऱ्या जमातीच्या मृत माणसाचे नाव कायमचे लावून घ्यावे, असे उदाहरण भारतीय रंगभूमीवर क्वचितच सापडेल.

बारामतीचे प्रकरण

गटाचे दुसरे महत्त्वाचे नाटक महाराष्ट्रातील घटनेवर आहे. जून १९९८ मध्ये बारामती येथे पिन्या हरी काळे या पारधी समाजातील व्यक्तीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. ‘पिन्या हरी काळे की मौत’ हे नाटक त्यावर आधारलेले आहे. पारधी वस्तीवर चोरीच्या तपासासाठी पडणारे छापे, त्यानंतरची पळापळ, गावकऱ्यांचा रोष हे चित्र पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि अहिल्यानगर जिल्ह्यात अपरिचित नाही. तरीही या विषयावरील नाटक प्रथम अहमदाबादच्या एका वस्तीतून हिंदीत यावे, याचा विचार सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलशांचा वारसा सांगणाऱ्या मराठी रंगभूमीने करायला हरकत नाही.

पुढच्या काळात गटाने बादल सरकारांचे ‘भोमा’ केले, महाश्वेतादेवींच्या कथांची रूपांतरे केली, फ्रेंच नाटककार ज्याँ जने यांच्या ‘द बाल्कनी’वरून स्वतःचे नाटक रचले. तथापि गटाची ओळख राहिली ती प्रत्यक्ष घटनांवरील नाटकांनीच. काम करण्याची पद्धत ठरलेली होती. घटनेची माहिती गोळा करायची, संबंधितांना भेटायचे, वस्तीतच तालीम करायची. तालीम चालू असताना आजूबाजूच्या बाया, म्हातारी माणसे, मुले भोवती उभी असत आणि खटकेल ते तिथल्या तिथे सांगत. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांच्या रंगभूमीत प्रेक्षक प्रत्यक्ष उठून नटाची जागा घेतो. बंगालमधील ‘जन संस्कृती’ने ती पद्धत १९८० च्या दशकापासून भारतात रुजविली. छारानगरात प्रेक्षकाचा हस्तक्षेप बहुतांशी तालमीतच होऊन जातो. बाहेरच्यांसमोर येते ते पक्के झालेले नाटक, आणि त्याचा रोख बाहेरच्यांवर असतो.

नरोडा पाटियाची सावली

या गटाविषयी लिहिताना एक अवघड बाब टाळता येत नाही. २८ फेब्रुवारी २००२ रोजी छारानगरच्या शेजारच्या नरोडा पाटिया येथे मुस्लिम वस्तीवर हल्ला होऊन ९७ जणांची हत्या झाली. विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये ३२ जणांना दोषी ठरविले. त्यांत छारा समाजातील काही जण होते. (शिक्षा सुनावली गेली तो दिवस ३१ ऑगस्टचा, म्हणजे विमुक्त दिनाचा.) पुढे २०१८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यापैकी काहींची निर्दोष मुक्तता केली, तर काहींची शिक्षा कायम ठेवली.

ज्या वस्तीतून समान नागरिकत्वाची मागणी उठली, त्याच वस्तीतील काही हात दुसऱ्या नागरिकांच्या हत्येत गुंतले. दंगलीत कोणाला पुढे केले गेले, कोणाला नामानिराळे राहता आले, या चर्चेला आधार आहे. दुर्बल समूहांना हाताशी धरण्याचे राजकारण देशात नवे नाही. पण त्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, आणि बुधन थिएटरने ती नाहीशी केल्याचा आव आणला नाही. दंगलीनंतर गटाने धार्मिक द्वेषावर नाटक केले. इक्बाल यांच्या सर्वपरिचित ओळीचा अर्थ उलटा करणारे त्याचे शीर्षक होते. इतर नाटकांत आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस आणि मध्यमवर्गीय प्रेक्षक असे. या नाटकात स्वतःच्या गल्लीला उद्देशून बोलायचे होते. पोलिसांविरुद्ध नाटक करणे एक वेळ सोपे. ज्यांच्या शेजारी उद्या सकाळी राहायचे आहे त्यांच्यापुढे असे नाटक करणे अधिक जड, आणि गटाच्या एकंदर कामगिरीत या प्रयत्नाचे मोल मोठे मानले पाहिजे.

दारूचा प्रश्नही असाच घरचा. पर्यायी रोजगार नाही म्हणून भट्ट्या आणि भट्ट्या आहेत म्हणून छापे, या चक्रात वस्तीतील अनेक कुटुंबे अडकली. छारा म्हटल्यावर नोकरी नाकारली जाते, हा अनुभव पदवीधरांनाही आला. दुसरीकडे वस्तीतून अनेक वकील, शिक्षक, पत्रकार, कॅमेरामन तयार झाले आणि काही तरुण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत गेले. बजरंगे यांनी पुढे माहितीपट काढले. २०१७ मध्ये त्यांचा ‘समीर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. केरिम फ्रीडमन आणि शाश्वती तालुकदार यांनी या गटावर केलेला माहितीपट २०११ मध्ये आला. त्यामुळे छारानगरचे नाव परदेशातील विद्यापीठांत पोचले. अहमदाबादच्या पश्चिम भागात ते किती पोचले, हा भाग निराळा.

टाळ्या आणि लाठ्या

नाटकाने वस्तीचे पोलिसांशी असलेले नाते बदलले काय? या प्रश्नाचे एक उत्तर २६ जुलै २०१८ च्या रात्री मिळाले. एका पोलीस अधिकाऱ्याशी झालेल्या वादाचे निमित्त होऊन मोठा पोलीस फौजफाटा छारानगरमध्ये शिरला. घरांची आणि वाहनांची तोडफोड झाली, लोकांना बेदम मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २९ जणांना अटक झाली. अटक झालेल्यांत बुधन थिएटरचा कलावंतही होता. वीस वर्षे जे दृश्य नट रंगवीत होते, ते त्यांच्याच अंगणात घडले.

फरक पडला तो त्यानंतरच्या दिवसांत. १९९८ पूर्वी अशा छाप्यानंतर वस्ती गप्प बसे किंवा घरे सोडून निघून जाई. या वेळी वस्तीतील वकील न्यायालयात उभे राहिले, मारहाणीची छायाचित्रे आणि चित्रफिती वृत्तपत्रांपर्यंत गेल्या आणि रहिवाशांनी मूक मोर्चा काढला. जबानी कशी द्यायची, ती कोणापुढे मांडायची आणि न डगमगता शेवटपर्यंत कशी सांगायची, याचा सराव वस्तीतील एका पिढीला झालेला होता. त्याचे सगळे श्रेय नाटकाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. शिक्षणाचा वाटाही तितकाच. पण ग्रंथालय आणि नाटक यांची सुरुवात एकाच खोलीत झाली होती.

कागदावरचा नागरिक

नागरिकत्वाच्या प्रश्नाला अलीकडे कागदपत्रांची जोड मिळाली आहे. ज्यांचे आजोबा परवान्याशिवाय गाव सोडू शकत नव्हते आणि ज्यांचे वडील गावोगाव फिरत राहिले, त्यांच्याकडे जन्माचा दाखला, जमिनीचा उतारा किंवा कायमचा पत्ता असण्याची शक्यता कमी. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने दशकभरानंतर ही अडचण सविस्तर मांडली. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातीलच. नागरिकत्व सुधारणा कायदा आणि राष्ट्रीय नागरिक नोंदणीवरून डिसेंबर २०१९ मध्ये वाद पेटला, तेव्हा दादर येथील वंचित बहुजन आघाडीच्या धरणे आंदोलनातही भटक्या-विमुक्तांच्या या अडचणीकडे लक्ष वेधण्यात आले होते. जात प्रमाणपत्र मिळविण्यासाठी पुराव्याची मागणी झाली की ब्रिटिशांच्या काळातील गुन्हेगार जमातीची नोंदच अनेकदा उपयोगी पडते. ज्या कागदाने आजोबाला गुन्हेगार ठरविले, तोच नातवाचा दाखला.

सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये केली होती. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये तीच सूचना केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल देताना, विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या कारागृह नियमावलींतील तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, याची दक्षता घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. कायदा रद्द होऊन त्या वेळी बहात्तर वर्षे लोटली होती.

‘बुधन’च्या पहिल्या संचातील तरुण आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्यानंतर वस्तीतील मुलांच्या आणखी पिढ्या या नाटकात उभ्या राहिल्या. त्यांतील अनेकांचा जन्म बुधन शबरच्या मृत्यूनंतरचा. संहितेतील गावाचे, ठाण्याचे नाव बदलण्याची मुभा पहिल्यापासून ठेवलेली आहे.